कमी भार म्हणजे टर्बाइनच्या पात्यांना विश्रांती नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सौर विजेचा पुरवठा वाढल्यामुळे कोळशावरच्या वीजसंचांना दुपारच्या वेळी भार उतरवावा लागतो, याविषयीचा लेख आपल्या दैनिकात नुकताच वाचला. कोळशाची बचत, बॉयलरमधील ज्वाला स्थिर राखण्याची अडचण, जास्तीचा तेलखर्च या बाबी त्यात नीट मांडल्या आहेत. मात्र भार कमी झाला की टर्बाइनलाही तेवढीच उसंत मिळते, अशा आशयाचे एक विधान त्यात ओझरते येऊन गेले आहे आणि ते तसेच राहू देणे मला योग्य वाटत नाही. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राच्या टर्बाइन देखभाल विभागात माझी एकतीस वर्षे गेली. त्यातला बराच काळ लो-प्रेशर टर्बाइनच्या, म्हणजे वाफ शेवटी जिथे येते त्या भागाच्या, शेवटच्या टप्प्यातील पात्यांची मुळे बॅटरीच्या उजेडात न्याहाळण्यात गेला. त्या मुळांविषयी वर्तमानपत्रांत सहसा काही छापून येत नाही, म्हणून पत्र लांबणार हे ठाऊक असूनही विस्ताराने लिहीत आहे.

पहिली गोष्ट वेगाची. संच ग्रिडला जोडलेला असेपर्यंत रोटर, म्हणजे पाती बसवलेला टर्बाइनचा फिरता भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो, कारण आपल्या ग्रिडची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चालो की २०० मेगावॅटवर, फेरे तेवढेच राहतात. कमी होते ती वाफ. त्यामुळे पात्याला बाहेर फेकू पाहणारे अपकेंद्री बल भाराबरोबर उतरत नाही. मोठ्या संचातले शेवटच्या टप्प्याचे पाते सुमारे एक मीटर लांब असते. त्याचे वजन १० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून १.१ मीटरवर धरला, तरी हिशेब जवळजवळ ११ लाख न्यूटन, म्हणजे सुमारे ११० टनांच्या ओढीचा येतो. प्रवाशांनी भरलेल्या सात एसटी गाड्या एका पात्याला टांगाव्यात, असा हा प्रकार आहे आणि तो सकाळच्या पूर्ण भारालाही तेवढाच असतो, दुपारच्या उतरलेल्या भारालाही तेवढाच.

ही ओढ सहन करते ते पात्याचे मूळ. लांब पात्यांसाठी प्रचलित असलेल्या मुळाला फर-ट्री म्हणतात. देवळापुढची दीपमाळ उलटी धरली, तर जशी वर रुंद, खाली निमुळती आणि दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी दात काढलेली दिसेल, साधारण तसा त्याचा आकार असतो. रोटरवरच्या चकतीच्या, म्हणजे डिस्कच्या, कडेला त्याच आकाराच्या खाचा कोरलेल्या असतात आणि पाते त्यांत बाजूने सरकवून बसवतात. पाते तिथे वेल्ड केलेले नसते, बोल्टने आवळलेलेही नसते. दातावर दात टेकवून ते उभे असते. बसवता यावे म्हणून दातांच्या भार न घेणाऱ्या बाजूंना मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी मोकळीक ठेवलेली असते.

ही मोकळीक ऐकू येते. संच बंद केल्यावर गरम रोटर वाकू नये म्हणून बॅरिंग गिअर या छोट्या यंत्रणेवर तो तासन्‌तास सावकाश फिरवत ठेवतात. आमच्याकडे तो मिनिटाला तीन-चार फेरे घेत असे. एवढ्या कमी वेगात अपकेंद्री बल जवळजवळ नसतेच. पाते वर आले की स्वतःच्या वजनाने खाचेत खाली बसते आणि खाली गेले की दातांवर लोंबते. रात्रीच्या पाळीत टर्बाइन डेक शांत झाला, की टर्बाइनच्या बाहेरच्या कवचाच्या, म्हणजे केसिंगच्या, आतून येणारी ही किणकिण स्पष्ट ऐकू येई. नवीन आलेला इंजिनिअर ती ऐकून घाबरे आणि जुने फिटर हसत. पूर्ण वेगाला ११० टनांची ओढ लागली की हीच मुळे खाचेत अशी घट्ट बसतात, की तिथे कधी मोकळीक होती यावर विश्वास बसू नये. हा विरोधाभास ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आता कंपनाकडे वळतो. कोणत्याही धातूच्या पट्टीप्रमाणे पात्यालाही आपल्या ठरावीक वारंवारिता असतात. वाफ पात्यावर सलग, एकसारखी येत नाही. स्थिर नोझलच्या मागून जाताना पात्याला प्रत्येक नोझलगणिक धक्का बसतो आणि प्रवाहात कुठे विषमता असली तर प्रत्येक फेऱ्याला तीही जाणवते. म्हणून ५०, १००, १५० हर्ट्झ अशा पटींतले धक्के टर्बाइनमध्ये कायमचे वस्तीला असतात. पात्याची स्वतःची वारंवारिता यांपैकी एखादीशी जुळली, की अनुनाद होतो, म्हणजे पाते वाढत्या जोराने हलू लागते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्फ्रेड कॅम्बेल यांनी १९२४ मध्ये टर्बाइनच्या डिस्कच्या कंपनांवर जो निबंध लिहिला, त्यातून आलेली आकृती आजही प्रत्येक उत्पादक वापरतो. तिच्या एका अक्षावर फेरे, दुसऱ्या अक्षावर वारंवारिता असते आणि रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे धोका असतो. ही आकृती हाताशी असूनही चूक होतेच. ‘क्वीन एलिझाबेथ २’ या ब्रिटिश जहाजाच्या टर्बाइनची पाती १९६८ च्या डिसेंबरमध्ये सागरी चाचण्यांतच अनुनादाने तुटली आणि प्रवासी घेऊन निघायला जहाजाला १९६९ चा मे महिना उजाडला.

अनुनाद झालाच, तर पाते किती हलेल हे ठरवते ते अवमंदन, ज्याला आम्ही कामावर सरळ डॅम्पिंग म्हणतो. देवळातली घंटा वाजवून तिला तळहात लावला की नाद लगेच बसतो. हात घंटेची शक्ती शोषून घेतो. पात्याला असा हात कोण लावणार? पोलादाचे स्वतःचे अवमंदन फारच थोडे असते, टायटॅनियमचे त्याहूनही थोडे. मूळ घट्ट बसलेल्या पात्याचे एकूण अवमंदन क्रांतिक अवमंदनाच्या (ज्या अवमंदनाला पाते हेलकावे न घेता सरळ जागेवर येते, त्याच्या) हजारात एक भाग धरले, तर अनुनादाच्या वेळी त्याचे हलणे, त्याच बलाने ते स्थिरपणे जेवढे वाकले असते त्याच्या सुमारे ५०० पट होते. तेच अवमंदन हजारात दोन भाग झाले, तर २५० पट. हजारातल्या त्या एका भागावर पात्याचा ताण निम्मा होतो. यंत्रशास्त्रात इतक्या किरकोळ दिसणाऱ्या आकड्यावर इतके काही अवलंबून असल्याची उदाहरणे थोडीच असतील.

शिवाय वेळही हाताशी नसतो. १५० हर्ट्झने हलणारे पाते तासाला ५ लाख ४० हजार हेलकावे घेते, आणि एक कोटी हेलकावे साडेअठरा तासांत पूर्ण होतात. पोलादाची थकव्याची मर्यादा तपासताना प्रयोगशाळेत साधारण एवढेच हेलकावे मोजतात. म्हणजे ताण मर्यादेबाहेर गेला, तर पात्याचे आयुष्य ठरायला एक दिवस पुरतो.

हा जास्तीचा हजारावा भाग बहुतांशी घर्षणातून येतो आणि म्हणून मुळाच्या दातांना, पात्यांच्या टोकांवरच्या, शेजारच्या पात्याला टेकणाऱ्या श्राऊडना आणि पात्यांच्या भोकांतून ओवलेल्या लेसिंग वायरला एवढे महत्त्व आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असून किंचित घसरतात, तेव्हा कंपनातली शक्ती उष्णतेत जाते. ही घसरण काही मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्याही अगदी लहान भागाइतकी असते. पण घर्षण जितके जास्त तितके बरे, हा समज चुकीचा आहे. दाब शून्य असेल तर घसरण भरपूर होते, पण विरोध नसल्याने शक्ती शोषली जात नाही. दाब फारच वाढला तर पृष्ठभाग एकमेकांना चिकटल्यासारखे होतात, घसरणच होत नाही आणि तेव्हाही शक्ती शोषली जात नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असा एक दाब असतो, की ज्याला पात्याचे हलणे सर्वांत कमी होते. विमानाच्या जेट इंजिनांत आणि गॅस टर्बाइनमध्ये शेजारच्या दोन पात्यांच्या प्लॅटफॉर्मखाली धातूचा एक छोटा सुटा तुकडा ठेवतात. वेग आला की अपकेंद्री बलाने तो वर दाबला जातो आणि दोन्ही पात्यांना घासत राहतो. त्या तुकड्याचे वजन ग्रॅमच्या हिशेबात बेतलेले असते ते याच कारणासाठी. जड तुकडा घातला म्हणजे पाते अधिक सुरक्षित झाले, असे होत नाही.

वाफेच्या टर्बाइनमधल्या फर-ट्री मुळाला अशी निवड करण्याची मुभा नसते. तिथला दाब पात्याचे वजन आणि वेग हेच ठरवतात आणि पूर्ण वेगाला तो दाब चिकटण्याच्या टोकाकडे झुकलेला असतो. आयआयटी दिल्लीत प्रा. जे. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात फिरत्या रोटरवर विद्युतचुंबकांनी पाती हलवून अवमंदन मोजले होते. अशा मोजणीतून दिसते ते असे, की कमी वेगात मूळ सैल असताना अवमंदन चांगले मिळते आणि वेग वाढत जाईल तसे मूळ जखडून ते घटत जाते; शेवटी पोलादाच्या स्वतःच्या अवमंदनाहून फारसे वर राहत नाही. दाताच्या मध्यभागी पृष्ठभाग चिकटलेला आणि कडांवर किंचित घसरणारा, अशी स्थिती असते. कंपन वाढले की घसरणारा भाग रुंदावतो आणि अवमंदन वाढते. याचा अर्थ मूळ हे पात्याचे रक्षण करते खरे, पण पाते बऱ्यापैकी हलू लागल्यावर. एवढ्यावरच भागत नाही. घसरण सुरू झाली की जोडाचा ताठपणा कमी होतो आणि पात्याची वारंवारिताही खाली सरकते. थांबलेल्या रोटरवर हातोडीने टकटक करून काढलेला वारंवारितेचा आकडा चालत्या यंत्राला लावता येत नाही तो म्हणूनच. आमच्याकडचा एक बुजुर्ग फिटर तांब्याच्या हातोडीने पाते वाजवून, नाद किती वेळ टिकतो यावरून मूळ कसे बसले आहे ते सांगत असे. भेगाळलेले पाते त्याने दोनदा केवळ कानाने ओळखले, हे मी स्वतः पाहिले आहे. तरीही त्या नादावरून ३००० फेऱ्यांवरचे अवमंदन सांगता येते, असा दावा त्याने कधी केला नाही. ते शहाणपण नंतर आलेल्या काही सल्लागारांच्या अहवालांत मला आढळले नाही.

आता आपल्या लेखातील मूळ मुद्द्याकडे येतो. कोळशावरचे संच लवचीकपणे चालवण्यासंबंधीचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नियम जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार संचांनी टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत खाली उतरण्याची क्षमता मिळवायची आहे. ७० ते १०० टक्क्यांदरम्यान भार मिनिटाला किमान ३ टक्के, ५५ ते ७० दरम्यान २ टक्के आणि ४० ते ५५ दरम्यान १ टक्का या गतीने बदलता आला पाहिजे. सौर आणि पवन वीज ग्रिडमध्ये सामावून घ्यायची तर हे करावेच लागेल, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु आज धावत असलेले कित्येक जुने संच पूर्ण भार सतत देत राहण्यासाठी बांधले गेले आणि त्यांची शेवटच्या टप्प्यातील पाती त्या भाराच्या वाफेसाठी आखली गेली.

वाफ कमी झाली की शेवटच्या टप्प्यात काय होते? वाफेचे घनफळ एवढे घटते, की ती पात्याची पूर्ण उंची भरू शकत नाही. प्रवाह पात्याच्या टोकाकडे सरकतो, मुळाजवळ वाफ उलटी फिरून भोवरे तयार होतात आणि पात्याचा काही भाग वाफेकडून काम घेण्याऐवजी स्वतःच वाफ ढवळत बसतो. या भोवऱ्यांचे धक्के ५०-१००-१५० अशा नेमक्या पटींत येत नाहीत. ते अनियमित असतात, त्यांची वारंवारिता भाराबरोबर बदलते, आणि कॅम्बेल यांच्या आकृतीत जपून ठेवलेले अंतर इथे उपयोगी पडत नाही. वापरलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरमधील व्हॅक्यूम ढळलेले असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. वाफेची घनता वाढते, प्रवाहाचा वेग घटतो आणि पाते प्रवाहाकडूनच शक्ती घेऊन स्वतःहून फडफडू लागण्याचा संभव निर्माण होतो. चंद्रपूर किंवा कोराडीला मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेल्यावर कूलिंग टॉवरचे पाणी किती गरम होते आणि व्हॅक्यूम टिकवताना काय तारांबळ उडते, हे तिथे काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणजे सूर्य डोक्यावर असताना, तापलेल्या पाण्यावर आणि उतरवलेल्या भाराने संच चालवण्याची पाळी येऊ शकते, आणि नेमक्या त्याच वेळी पात्याजवळ असणारे संरक्षण म्हणजे मुळाच्या कडांवरची ती मायक्रॉनभर घसरण आणि श्राऊडचे एकमेकांना टेकणे. याला उसंत कशी म्हणायची?

भार उतरवूनही भागले नाही तर संच रात्री किंवा दुपारी बंद करून पुन्हा सुरू करण्याची वेळ येते. त्याचे परिणाम वेगळे आहेत. प्रत्येक सुरुवातीला मुळावरची ओढ शून्यापासून ११० टनांपर्यंत चढते, वाटेत पात्याचे अनेक अनुनाद ओलांडले जातात आणि प्रत्येक वेळी मूळ खाचेत केसभर वेगळ्या जागी बसते. एकाच डिस्कवरच्या पात्यांचे अवमंदन सारखे राहत नाही. ज्याचे सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त हलणे येते. बॅरिंग गिअरवरची किणकिणही प्रत्येक बंदगणिक वाढते. पूर्वी वर्षातून चार-सहा वेळा ऐकू येणारा आवाज आठवड्यातून दोनदा येऊ लागला, तर त्या खाचांची झीज कोणी मोजणार आहे का?

कारण घर्षण फुकट मिळत नाही. जो जोड घासून कंपन शमवतो, तोच जोड घासून झिजतो. ओव्हरहॉलमध्ये, म्हणजे संच उघडून केलेल्या मोठ्या दुरुस्तीत, पाते बाहेर काढले की दातांच्या कडेला तांबूस तपकिरी भुकटी दिसते, नाचणीच्या पिठासारखी मऊ. बोटाला लागते, तेलात मिसळली की काळपट चिखल होतो. हा साधा गंज नव्हे. दातांच्या घासण्यातून सुटलेल्या सूक्ष्म कणांचा तो ऑक्साइड असतो आणि या प्रकाराला फ्रेटिंग म्हणतात. अशा घासलेल्या जागी पोलादाची थकवा सोसण्याची ताकद बरीच घटते आणि भेग बहुधा तिथूनच, दाताच्या भार घेणाऱ्या कडेपासून, आत शिरते. ही भेग पाते खाचेत असताना दिसत नाही. लाल रंगाचे पेनिट्रंट लावून वर पांढरे डेव्हलपर फवारल्यावर उमटणारी लाल रेघ पाहायची, तर पाते काढावे लागते. न काढता तपासायचे, तर अल्ट्रासॉनिकचा जाणता माणूस लागतो. मुळाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा लेप दिला तर फ्रेटिंग कमी होते, पण घर्षणांक बदलल्याने अवमंदनही बदलते. लेप द्यावा की नाही, किती द्यावा आणि कोणता, हे उत्पादकाने आखून दिलेले असते. ओव्हरहॉलच्या गडबडीत ते पाळले जातेच असे नाही.

याबाबतीतला एक अनुभव, केंद्राचे नाव न घेता, सांगतो. एका ओव्हरहॉलमध्ये बॅरिंग गिअरवरचा आवाज हा दोष समजून शेवटच्या टप्प्यातील काही पात्यांच्या मुळांखाली पातळ पत्र्याच्या शिम ठोकण्यात आल्या. आवाज बंद झाला आणि सगळ्यांना बरे वाटले. पुढच्या ओव्हरहॉलला, पाच वर्षांनी, मी तिथे होतो. टप्पा उघडला तेव्हा दोन मुळांच्या वरच्या दातावर भेगा निघाल्या. त्या शिममुळेच निघाल्या असे मी म्हणणार नाही. तसे म्हणण्याइतका पुरावाच आमच्यापाशी नव्हता. कोणत्या खाचेत शिम घातली, किती जाडीची घातली, त्याआधी मोकळीक किती होती, यातले काही म्हणजे काही रजिस्टरमध्ये लिहिलेले नव्हते. मुळावर लेप दिला होता की नाही, यावर दोन फोरमनमध्ये माझ्यासमोर वाद झाला. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघांपैकी एकाची आठवण चुकीची होती. पाती बदलली, संच चालू झाला आणि भेगांचे कारण ‘सामान्य झीज’ असे नोंदले गेले. मला अजून खटकतो तो हा शेरा, भेगा नव्हेत.

मुळातली भेग दुर्लक्षित राहिली तर काय होते, याचे आपल्या देशातले उदाहरण उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्राचे आहे. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे पहिल्या संचाच्या लो-प्रेशर टर्बाइनमधील शेवटच्या टप्प्याची दोन पाती मुळाशी थकव्याने तुटली. तुटलेल्या पात्यांनी शेजारची पाती कापली, रोटरचा तोल गेला, प्रचंड कंपनाने जनरेटरची सीले फुटून, तो थंड राखण्यासाठी आत भरलेला हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. आग केबलच्या मार्गांनी पसरली, नियंत्रण कक्षात धूर भरला आणि केंद्राला सुमारे १७ तास विजेशिवाय काढावे लागले. कर्मचाऱ्यांच्या प्रसंगावधानामुळे अणुभट्टी सुरक्षित राहिली आणि किरणोत्सर्गाची हानी झाली नाही. तरीही अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर या घटनेची नोंद तिसऱ्या पातळीवर झाली. त्यानंतर पात्यांच्या मुळांची रचना बदलण्यात आली आणि हायड्रोजन, केबल व अग्निसुरक्षा यांविषयी पुष्कळ सुधारणा झाल्या. आगीपासूनचे धडे आपण नीट घेतले, असे माझे मत आहे. आग जिथून सुरू झाली त्या मुळापासूनचा धडा मात्र अणुवीज केंद्रांच्या कुंपणाबाहेर औष्णिक केंद्रांपर्यंत तेवढ्या गांभीर्याने पोहोचला नाही. औष्णिक संचातही जनरेटरमध्ये तोच हायड्रोजन असतो.

यावर एक उत्तर हमखास मिळते: बेअरिंगवर कंपनमापक बसवलेले आहेत, काही झाले तर कळेलच. हे उत्तर मी स्वतःही वरिष्ठांना पूर्वी दिलेले आहे, म्हणून त्यातली उणीव सांगण्याचा मला अधिकार आहे. बेअरिंगवरचा मापक सगळ्या रोटरचे हलणे पाहतो. टनावारी वजनाच्या रोटरवरचे एखादे दहा किलोचे पाते धोकादायक रीतीने हलत असले, तरी बेअरिंगला त्याचा पत्ता लागत नाही. लागतो तो पाते तुटल्यावर. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर हिरवा आकडा दिसत असतो आणि त्याच वेळी एखाद्या मुळात भेग चालत असते. पात्याचे हलणे मोजण्याची रीत वेगळी आहे. केसिंगमध्ये संवेदक बसवून प्रत्येक पात्याचे टोक किती वेळेवर समोरून गेले, हे टिपतात. टोकाची त्रिज्या १.७ मीटर असेल, तर टोक सेकंदाला सुमारे ५३० मीटर वेगाने जाते. पाते एक मिलिमीटर पुढे-मागे झुकलेले असेल, तर ते सेकंदाच्या सुमारे दोन दशलक्षांश भागाने लवकर किंवा उशिरा येते, आणि एवढा फरक आजची उपकरणे सहज टिपतात. ही रीत नवी नाही. खर्चिक आहे आणि ती बसवण्यासाठी संच बंद ठेवावा लागतो, एवढेच.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. प्रत्येक संचावर अशी उपकरणे लावा, असे मी म्हणत नाही. राज्यात एकाच बनावटीचे, एकाच लांबीच्या पात्यांचे अनेक संच आहेत; त्या प्रत्येक बनावटीतील एका तरी संचावर ४० ते ५५ टक्के भारात, उन्हाळ्यातल्या व्हॅक्यूमला, पात्यांचे हलणे प्रत्यक्ष मोजले जावे, आणि जो भार व जे व्हॅक्यूम एकत्र आल्यावर पाती जास्त हलतात त्या जोड्या संच चालवणाऱ्यांच्या सूचनापत्रात स्पष्ट लिहिल्या जाव्यात. दुसरे, शेवटच्या दोन टप्प्यांतील प्रत्येक मुळाची नोंदवही असावी: मोकळीक किती, फ्रेटिंग कुठे, लेप कोणता, तपासणी कोणत्या पद्धतीने केली, आणि बॅरिंग गिअरवर किती तास गेले. ही वही फोरमनच्या आठवणीत नव्हे, केंद्राच्या दप्तरात असावी आणि संचाबरोबर राहावी. दोन ओव्हरहॉलमधील अंतर वर्षांत मोजण्याची पद्धतही आता बदलायला हवी. ज्या संचाने वर्षभरात दीडशे वेळा भार उतरवला आणि ज्याने दहा वेळा उतरवला, त्या दोघांना एकच वेळापत्रक लावणे अशास्त्रीय आहे.

या कामाला पैसा लागेल आणि तो शेवटी ग्राहकाच्या बिलातून जाईल, हे मला मान्य आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे दरनिश्चितीच्या याचिका येतात आणि त्यांवर सर्वसामान्य ग्राहकालाही हरकती व सूचना नोंदवता येतात. तिथे कोळशाच्या दर्जावर आणि वहनखर्चावर तासन्‌तास चर्चा होते. भार वरखाली करण्यामुळे यंत्रांच्या झिजेवर होणारा खर्च बहुधा एका ठोक रकमेत गुंडाळलेला असतो. त्या रकमेतून पात्यांच्या मुळांच्या तपासणीवर किती खर्च होणार आहे आणि किती संचांवर ती झाली, एवढी विचारणा मी पुढच्या सुनावणीत लेखी करणार आहे. आपल्या वाचकांत टर्बाइनवर काम केलेले, आज निवृत्त झालेले अनेक जण असतील. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे जुन्या ओव्हरहॉलच्या स्वतः टिपलेल्या डायऱ्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न देता आपापल्या केंद्राच्या देखभाल विभागाकडे पोहोचवाव्यात, अशी विनंती आहे. माझ्या तीन डायऱ्या मी मागच्या महिन्यात देऊन आलो.

आपला,
एक निवृत्त टर्बाइन देखभाल अभियंता,
नागपूर